हुंकाराची जागा

माझा खोकला ही, माझी बायको, गेल्यानंतर सुरू झाला. नेमका कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही. त्या दिवसांत घरात इतकी माणसं होती आणि इतका धूर होता, उदबत्तीचा, चुलीचा, की कुणीही खोकावं. मग पाहुणे गेले, सतरंज्या झाडून घडी करून ठेवल्या गेल्या, मुलगी सासरी परतली, आणि घर शांत झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की आता इथं दोनच आवाज उरले आहेत. एक भिंतीवरच्या घड्याळाचा आणि दुसरा माझ्या खोकल्याचा.

मी तेव्हा चाळीसगावात एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. ऐंशीच्या दशकाच्या मधली ही वर्षं. आमचा संसार दोघांचाच राहिला होता आणि त्याला फारसा आवाज नव्हता. मी पुस्तकात, ती कामात. पण चातुर्मासात संध्याकाळी दिवा लागला की आम्ही पोथी घेऊन बसत असू. आषाढी एकादशीला पोथी लावायची, रोज थोडी वाचायची, आणि कार्तिकी एकादशीच्या आत ती संपवायची, हा आमच्या घराचा शिरस्ता. कृष्णाच्या कथांची जुनी, जाड पानांची पोथी होती. मी वाचत असे. ती समोर पाट घेऊन बसे, मांडीवर कापूस घेई आणि वाती वळत ऐके. कापूस तिच्या भावाच्या शेतातला, बोदवडकडचा. प्रत्येक ओवी संपली की ती "हं" म्हणत असे.

आमच्या खानदेशात गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. समोरचा हुंकारा देत नसेल तर सांगणारा रागावून उठून जातो, इतकी ही पक्की रीत आहे. पोथीलाही तो लागतो. हिचा हुंकार लहानसा होता, ओठ न उघडता दिलेला, शेवटी किंचित वर चढणारा. पण तो दिल्याशिवाय मी पुढच्या ओवीला हात घालायचा नाही, असा तिचा दंडक होता. मला वाचनाची घाई फार. अर्थ लागला की डोळे पुढं पळत. मग ती वात वळता वळता म्हणायची, "गुरुजी, घाई करू नका. माझा हं व्हायचा आहे." घरात ती मला थट्टेनं गुरुजीच म्हणत असे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर, कोजागरीच्या आधी, ती गेली. दुपारी भांडी घासताना छातीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. पोथीत सुदाम्याची कथा चालली होती. सुदामा बायकोनं बांधून दिलेली पोह्यांची पुरचुंडी घेऊन द्वारकेच्या वाटेला लागला होता, तिथं मी आदल्या संध्याकाळी मोरपीस घालून पोथी मिटली होती. तेराव्या दिवसानंतर मी ती उघडली. मोरपीस काढलं, घसा साफ केला, पहिली ओवी वाचली, आणि ओवी संपता संपता असा खोकला आला की डोळ्यांत पाणी येऊन अक्षरं दिसेनाशी झाली. पाणी प्यालो. पुन्हा वाचली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पोथी मिटून रुमालात बांधली आणि देव्हाऱ्यापाशी ठेवली. सुदामा वाटेतच उभा राहिला.

मला वाटलं, चार दिवसांत जाईल. पण खोकला राहिला. कोरडा, कफ नसलेला, घशात कुणीतरी बोट ठेवल्यासारखा. थंडी गेली, उन्हाळा लागला, तरी तो हलेना. जळगावला जाऊन छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, रक्त तपासलं. डॉक्टर समजूतदार होते. फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "सर, आतमध्ये काही नाही. फुप्फुसं स्वच्छ आहेत." मी फोटोकडे पाहत राहिलो. पांढऱ्या फासळ्यांच्या मधला तो काळा रिकामा भाग मला अजून आठवतो. काढे झाले, ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला, हळद-गूळ झाला. वर्गात कविता शिकवायला उभा राहिलो की दोन ओळींच्या मध्ये खोकला येई. पोरं सुरुवातीला गप्प बसत. मग हसू लागली. एकदा मी वर्गात शिरण्याआधीच आतून माझ्या खोकल्याची इतकी हुबेहूब नक्कल ऐकू आली की दारात उभा राहून मलाच हसू आलं. मुख्याध्यापकांनी माझे बरेच तास काढून मला ग्रंथालय दिलं. पुस्तकांपुढं बोलावं लागत नाही.

नोकरीचं मला फारसं काही वाटलं नाही. रात्रंदिवस टोचत होती ती देव्हाऱ्यापाशी बांधून ठेवलेली पोथी. लावलेली पोथी अर्धी ठेवू नये, आणि ती पुरी झाल्याशिवाय नवी लावू नये, असं आमच्याकडे मानतात. पण खरं कारण त्याहून साधं होतं. ती ऐकत होती आणि गोष्ट अर्धीच राहिली होती. सुदामा द्वारकेला पोचला की नाही, परत आल्यावर त्याला आपली बायको सापडली की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून ऐकलेली कथा. पण या वर्षीची कथा तिनं माझ्या तोंडून ऐकायला घेतली होती. तिचं वर्षश्राद्ध होण्याआधी उरलेले थोडे अध्याय तिला वाचून दाखवायचे, एवढी एकच गोष्ट मला या जगात करायची होती आणि तेवढीच होत नव्हती.

शेजारच्या अक्का, आमच्यापेक्षा वयानं मोठ्या, रोज वाटीभर भाजी घेऊन येत. एकदा देव्हाऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, पोथी अशी अर्धी बांधून ठेवू नये हो. देवळातल्या महाराजांना बोलवा, ते एका बैठकीत संपवतील."

मी म्हटलं, "अक्का, तिनं माझ्याकडून ऐकायला घेतली होती."

"मग खोकत खोकत वाचा! देवाला काय, सगळ्या गावाचा खोकला ऐकायची सवय असेल त्याला."

असं बोलून त्या स्वतःच पदर डोळ्यांना लावत उठल्या. त्यांच्या सांगण्यावरून मी खोकत खोकतही वाचून पाहिलं. आवाज नव्हे, नुसती कुऱ्हाड चालल्यासारखं ऐकू येत होतं. हे तिला ऐकवण्यापेक्षा न वाचणं बरं.

मुलीला सासरी पत्र लिहून मी एक कॅसेट मागवून घेतली. दोन वर्षांपूर्वी जावयांनी नवा टेपरेकॉर्डर आणला होता आणि कौतुकानं आमची एक संध्याकाळ उतरवून घेतली होती. शाळेतला टेपरेकॉर्डर घरी आणून मी ती लावली. माझा आवाज स्वच्छ होता, तरुण होता. ओवी संपे, मग छोटी जागा, मग पुढची ओवी. त्या जागेत मी कान लावून बसलो. पट्टीची बारीक खरखर होती, लांबून एक सायकलची घंटा होती. हिचा हुंकार नव्हता. ती दूर पाटावर बसलेली, आवाज लहान, यंत्रानं तो घेतलाच नव्हता. मी कॅसेट पुन्हा उलटी फिरवून ऐकली, मग बंद केली. देवावर माझा राग नव्हता. पण त्याच्याशी बोलणं मात्र त्या संध्याकाळी थांबलं. दिवा लावायचो, हात जोडायचो आणि तोंडातून काही निघायचं नाही.

श्रावणात आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी मला धुळ्याच्या नानांकडे पाठवलं. नाना हे निवृत्त संगीतशिक्षक. चौथ्या गल्लीत, माडीवरच्या एका खोलीत राहत. सरांच्या मेहुण्यांचा दमा त्यांच्याकडे जाऊन हलका झाला होता. आवाजानं रोग बरा करतात, असं ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते चांगलं नव्हतं. मला वाटलं, आता एवढंच राहिलं होतं. तरी रविवारी धुळे पॅसेंजरमध्ये बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

खोलीत एक तंबोरा, एक चटई, आणि खिडकीत तुळस. नाना बारीक, दाढी वाढलेले, आवाज मात्र मातीच्या माठासारखा गार. म्हणाले, "मी वैद्य नाही, आधीच सांगतो. डॉक्टरांचं औषध चालू असेल तर बंद करायचं नाही. लोक याला नादोपचार म्हणतात. मी गुणगुणणं म्हणतो. तुम्ही घशाला दिवसभर ओरबाडता ना? मग थोडा वेळ त्याला कुरवाळायचं, बस."

त्यांनी मला तंबोऱ्याजवळ इतकं बसवलं की भोपळा माझ्या गुडघ्याला टेकला. एक तळवा छातीवर ठेवायला सांगितला. ते तारा छेडू लागले. "ओठ मिटा. तारेचा सूर ऐका. तो आत आला की त्याच सुरात नाकातून सोडा. मोठ्यानं नको. भुंगा फुलात शिरल्यावर करतो तेवढंच." मी प्रयत्न केला. पहिल्याच खेपेला खोकलो. नाना तारा छेडत राहिले, थांबले नाहीत. काही वेळानं माझ्या मिटल्या ओठांतून एक बारीकसा आवाज निघाला आणि तळव्याखाली छाती हलकेच थरथरली. इतक्या महिन्यांत माझ्या छातीतून खोकल्याशिवाय दुसरं काही निघालं ते हेच.

मी दर रविवारी जाऊ लागलो. रोज घरी दिवेलागणीच्या आधी गुणगुणत बसू लागलो. खोटं कशाला लिहू, गुण आला. दिवसाचा खोकला कमी झाला. रात्री झोप लागू लागली. भाद्रपदात मी मुख्याध्यापकांकडे माझे तास परत मागितले आणि वर्गात एक सबंध कविता न थांबता वाचली. नक्कल करणाऱ्या मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण घरी येऊन पोथी सोडली, एक ओवी वाचली, की शेवटच्या अक्षरावर घशातलं ते बोट पुन्हा येई. कवितेला नाही, धड्याला नाही, वर्तमानपत्राला नाही. फक्त पोथीला.

हे मी नानांना सांगितलं. ते बराच वेळ तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत बसले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी पोथी घेऊन या."

लावलेली पोथी घराबाहेर काढावी की नाही, या विचारात माझे दोन दिवस गेले. शेवटी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजारी माणसाला दवाखान्यात नेतात ना? मग तिलाही न्या. जमिनीवर तेवढी ठेवू नका." म्हणून मी सबंध प्रवासात ती पिवळ्या रुमालातली पोथी मांडीवर घेऊन बसलो. नानांच्या चटईवर बसून सुदाम्याची ती ओवी वाचली. ओवी संपली. खोकला आला.

"पुन्हा," नाना म्हणाले.

पुन्हा वाचली, पुन्हा आला. नानांनी तंबोरा भिंतीला टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं. "सर, ओवी संपली की तुम्ही कुणाची वाट पाहता?"

मी पोथीचं पान सरळ करत राहिलो.

"तिथं तुम्ही श्वास धरता. कान देऊन थांबल्यासारखा. धरलेला श्वास मग खोकला होऊन सुटतो. कोण असायचं समोर?"

मी सांगितलं. हिचा पाट, कापूस, तो हुंकार, सगळं. आई गेल्यावर लहान मूल बोलतं तसं अडखळत सांगितलं. नानांनी मान हलवली. म्हणाले, "वाचा, मी देतो हुंकार." मी वाचलं. ओवी संपताच नानांनी हुंकार दिला. षड्जात, स्वच्छ, लांब, कुठंही न हललेला. इतका सुरेल हुंकार मी जन्मात ऐकला नव्हता, आणि तो ऐकताच मला असा खोकला आला की नाना उठून पाणी घेऊन आले.

माझ्या पाठीवर हात फिरवत ते म्हणाले, "नाही सर. हे माझ्या तंबोऱ्याच्या पलीकडचं आहे. गुणगुणणं सोडू नका. पण हे मागायचं ठिकाण दुसरं." आणि त्यांनी वर बोट केलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. खिडकीतल्या तुळशीला पाणी घालायला गेले.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो. भाद्रपद निम्मा सरत आला होता. शेतात बाजरीची कणसं भरली होती, कपाशीला बोंडं धरली होती. पितृपक्ष लागायला आला होता आणि त्यामागून तिचं वर्षश्राद्ध. मनात म्हटलं, आता मी करतो आहे ते पुरे. औषध माझं, गुणगुणणं माझं, हट्ट माझा. ही पोथी मी संपवू शकत नाही. तुला संपवून हवी असेल तर तू बघ. इतक्या महिन्यांनी मी देवाशी बोललो ते हे, आणि त्यात नमस्कारही नव्हता.

जामदा स्टेशनात गाडी उभी राहिली ती राहिलीच. त्या मार्गावर कुणाला याचं नवल वाटत नसे. माणसं खाली उतरली, विड्या पेटल्या, कुणी कडुलिंबाखाली अंग टाकलं. डब्यात मी राहिलो, आणि माझ्या समोरच्या बाकावर एक म्हातारी. ती केव्हा चढली ते मी पाहिलं नव्हतं. हिरवं नऊवारी, कपाळावर गोंदण, पायांत काही नाही, आणि ओटीत ओल्या शेंगा. एकेक शेंग फोडून दाणे तोंडात टाकत ती माझ्याकडे बघत होती.

"काय रे भाऊ," ती अहिराणीत म्हणाली, "मांडीवर लेकरू लिसन बठेल शे का?"

मी म्हटलं, "लेकरू नव्हे, पोथी आहे, माय."

"पोथी शे आनि चूपचाप बठेल शे? वाच ना मंग. गाडी काय आते हालत नही."

"मला खोकला आहे. वाचता येत नाही."

"खोकला शे ते खोक. मी बी कोठे पळत नही, गाडी बी पळत नही." तिनं एक शेंग माझ्याकडे धरली आणि लगेच मागं घेतली. "नको, तुले नही. खोकलावालानी शेंगा खावो नही." आणि ती शेंग स्वतःच खाल्ली.

मला हसू आलं. मग काय झालं कोण जाणे, मी रुमाल सोडला. मोरपीस काढलं. डब्यात उन्हाची तिरपी पट्टी आली होती, तीत धरून पहिली ओवी वाचली. ओवी संपली. श्वास तिथं धरला जाणार, एवढ्यात समोरून आवाज आला.

"हं."

तो हिच्यासारखा नव्हता. जाड, फुटका, तोंडात दाणे असलेला. मी पुढची ओवी वाचली. "हं." आणखी एक. "हं. मंग?" कधी तिचा हुंकार ओवी संपण्याआधीच येई, कधी ती शेंग फोडण्यात इतकी गुंगे की उशिरा येई. सुदामा द्वारकेच्या दारात पोचला तेव्हा तिनं विचारलं, "पोहा गाठमा शेतस ना अजून?" मी म्हटलं, आहेत. "मंग हरकत नही." कृष्णानं धावत येऊन त्याला मिठी मारली तिथं तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. पोहे खाल्ले तिथं ती टाळी वाजवून हसली. मला वाचायचा असा चेव आला की डोळे पुढं धावू लागले, ओव्यांवर ओव्या पडू लागल्या. तेव्हा तिनं हात वर केला.

"घाई कसाले करस रे? मना हं व्हऊ दे."

मी थांबलो. पोथीवरून नजर वर काढायचा धीर मला झाला नाही. बाहेर कुणीतरी पंपावर पाणी हापसत होतं, त्याचा आवाज येत होता. मग समोरून सावकाश, पूर्ण, "हं" आला, आणि मी पुढची ओवी घेतली.

सुदामा घरी परतला, त्याची झोपडी जागेवर नव्हती, तिथं एक मोठं घर उभं होतं. तो वेड्यासारखा हिंडू लागला, झोपडी कुठं गेली, बायको कुठं गेली. "आते हाऊ बायकोले धुंडी राहिना," म्हातारी हळूच म्हणाली, जणू तो आम्हांला दिसतच होता. आणि त्या मोठ्या घराच्या दारातून त्याची बायको बाहेर आली, तिनं त्याला हाक मारली, तिथं अध्याय संपला. मी शेवटची ओवी वाचली. तिनं हुंकार दिला. पोथी मिटल्यावर मला कळलं की सबंध अध्यायात मी एकदाही खोकलो नव्हतो.

गाडीनं शिटी दिली. माणसं धावत चढू लागली. म्हातारीनं उठून पोथीला डोकं टेकलं आणि विचारलं, "हुंकारा कोन देत व्हतं रे तुले?"

"बायको," मी म्हटलं.

"गई?"

"हो."

तिनं मान हलवली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, शेंगांच्या मातीनं भरलेला. "मंग तिनी जागा भरू नको. मोकळी राहू दे. तिना हुंकारा आते दूरथून येस, येळ लागस. तू थांबत जाय." एवढं बोलून ती चढणाऱ्या माणसांमधून फलाटावर उतरली. तिचं गाव तेच होतं की काय, मला माहीत नाही. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. कडुलिंबाखालची माणसं चढून गेली होती आणि फलाट उन्हानं भरला होता. ती दिसली नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तिच्या तोंडून हिचेच ते शब्द आले, पण तसं खानदेशातली कोणतीही ऐकणारी बाई म्हणू शकेल. घाई करणाऱ्या वाचणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? पुढं कित्येक रविवार मी त्या गाडीनं गेलो, जामद्याला प्रत्येक वेळी खिडकीतून डोकं काढलं, पण ती पुन्हा भेटली नाही. नानांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बघा, बेसूर होता ना हुंकार? मग बरोबर आहे."

उरलेले अध्याय मी घरी वाचले. पाट मांडून, त्यावर कुणाला न बसवता. ओवी संपली की थांबायचो. आधी त्या थांबण्याची मला भीती वाटत असे. म्हणूनच मी तिथं श्वास धरत असेन, जणू दार लावून घ्यावं तसा. आता श्वास सोडून द्यायला शिकलो. त्या जागेत कधी घड्याळ ऐकू येई, कधी अक्कांच्या घरातलं भांडं, कधी लांबून पॅसेंजरची शिटी. हिचा हुंकार ऐकू आला, असं मी लिहिणार नाही. पण तो येत असेल तर त्याला यायला पुरेशी जागा मी सोडली. अधूनमधून खोकला आला. आला तसा गेला. तो काही माझा शत्रू नव्हता. इतके दिवस रिकाम्या जागेवर तोच एकटा येऊन बसत होता.

वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा अध्याय होता. मुलगी आली होती. आईनं वळून ठेवलेल्या वातींपैकी एक घेऊन तिनं समई लावली आणि भिंतीशी बसली. मी वाचत होतो. एका ओवीनंतर मी थांबलो ते तिला जरा जास्त वाटलं असावं. पुढं झुकून तिनं विचारलं, "बाबा, खोकला येतोय का? पाणी देऊ?"

आज हे लिहिताना मनात फक्त कृतज्ञता आहे. नानांविषयी, ज्यांनी आपल्या विद्येची हद्द सांगितली. त्या अनोळखी मायविषयी, जिनं तोंडात दाणे असताना देवाचं काम केलं. आणि ज्याच्याशी मी नमस्कारही न करता बोललो होतो त्याच्याविषयी. मला वाटत होतं, ओढून धरलं की राहतं. सोडून दिल्यावर जे राहिलं ते त्याहून मोठं निघालं, आणि ते माझ्या हातात नव्हतं म्हणूनच राहिलं. रोज संध्याकाळी मला त्या हुंकाराची आठवण येते. ती जावी असं मी आता मागत नाही.

त्या संध्याकाळी मुलीला मी मानेनंच नको म्हटलं. ती पेला घेऊन तशीच बसली होती. समईची ज्योत सरळ होती. पाट रिकामा होता.

"थांब जरा," मी म्हणालो. "तिचा हं व्हायचा आहे."

मुलीनं पेला खाली ठेवला. आम्ही दोघं थांबलो.